ब्याण्णवावी पातळी

माझ्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी माझा भाऊ अंथरुणाला खिळला. मुलीकडे दोन पाळणे हलत होते आणि इकडे भाऊ मला ओरडत होता, "ताई, ती फुली दाबू नकोस! पहिली फुली खोटी असते."

मी बोट मागे घेतलं. फोनच्या पडद्यावर साबणाची जाहिरात नाचत होती.

"मग बंद कशी करायची?"

"करायचीच नाही. तीस सेकंद डोळे मिटून बस. तेवढीच विश्रांती. खरी फुली नंतर येते, बारीक, कोपऱ्यात, चोरासारखी."

भाऊ नळ जोडायचं काम करी. बत्तीस वर्षं केलं. अंगानं बारीक, अडचणीच्या जागी बरोबर बसायचा, म्हणून सोबतचे त्याला वॉशर म्हणत. मणक्याच्या दुखण्यानं आधी पाय गेले, मग हाताची बोटं आखडली. डॉक्टरांनी भावजयीला बाजूला घेऊन सहा महिने सांगितले होते. ते त्यालाही कळलं होतं, कारण त्या खोलीचं दार नीट लागत नसे आणि ते दुरुस्त करायला आता तोच उठू शकत नव्हता.

भावजय बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं भरायला जाई. दुपारी मी त्याच्यापाशी बसायची. जाताना ती म्हणायची, "वन्सं, त्यांना आधी जेवू घाला, मग खेळा. नाहीतर दोघं भावंडं उपाशी बसाल."

खेळ फुकटचे होते. काही उतरवून घ्यायला नको, पान उघडलं की खेळ सुरू. भावानं असे शंभरेक तरी पाहिले होते आणि प्रत्येकाबद्दल त्याचं ठाम मत होतं. "फोन नंबर मागितला की तो खेळ बंद करायचा. चक्र फिरवा, बक्षीस मिळवा म्हणाला, तरी बंद. घड्याळ लावलेली पातळी पहिल्यांदा मुद्दाम हरायची. हात लावायचा नाही, नुसती बघायची. लोक पहिल्या झटक्यात जिंकायला जातात नि दहादा मरतात."

त्याचा आवडता खेळ पाण्याचा. नळाचे तुकडे फिरवून टाकीपासून प्रत्येक घरापर्यंत पाणी न्यायचं. पातळ्या शंभर. "बनवणाऱ्यानं जन्मात पाना धरलेला नाही," तो म्हणायचा. "वळणानंतर पाणी बंद करायचा कॉक बसवतो, गाढव. पण डोकं चालवायला लावतो, हे खरं."

खेळाच्या खाली खेळणाऱ्यांनी लिहायची जागा होती. तिथं भाऊ 'वॉशर' या नावानं प्रत्येक पातळीची युक्ती लिही. बोटं गेल्यावर तो सांगायचा आणि मी एकेक अक्षर शोधून दाबायची. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वाचायला शिकले. त्याच्या एका वाक्याला माझा चहा निवायचा. एक्याण्णव पातळ्यांच्या युक्त्या लिहून झाल्या होत्या. पुढच्या कुणीच लिहिल्या नव्हत्या. कुणी एक शिक्षिका रोज विचारायची, "वॉशरकाका, ब्याण्णव कशी सोडवायची?"

"तिला लिही, उद्या सांगतो. दोनदा हरून बघितलीय, आता सुटेल. शंभरही पुऱ्या करतो बघ. एवढं तरी काम अर्धवट टाकून जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी जेवून त्याचा डोळा लागला. पान फार हळू उघडत होतं. मध्येच पाटी आली. मी ती वाचली, कुणाला न विचारता, एका दमात: 'जागा भरली आहे. साठवलेली माहिती पुसायची का?' इतकी वर्षं मी दवाखान्याच्या फरशा पुसल्या. पुसणं म्हणजे माझ्या लेखी चांगलंच काम. मी 'हो' दाबलं.

तो उठला तेव्हा पडद्यावर पहिली पातळी होती. एक टाकी, एक नळ, एक घर.

"हे काय?"

"आपोआप झालं," मी म्हणाले.

"ताई, आपोआप नळाचा आटासुद्धा सुटत नाही."

मग मी सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी भावजयीनं विचारलं, "भांडलात का?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अडाणी असते तर मी त्या पाटीला बोटही लावलं नसतं.

दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे बघतच म्हणाला, "युक्त्या गेल्या का?"

मी पाहिलं. खाली सगळ्या होत्या. "आहेत."

"त्या खेळवाल्यांकडे असतात. खेळ आपल्या फोनात होता." मग म्हणाला, "चल, पहिली. मी बघतो, तू फिरव."

"ब्याण्णवची युक्ती नुसती तोंडी सांग ना. लिहून टाकते."

"तोंडी नाही येत गं. समोर असली की दिसते."

आधीची सोडवल्याशिवाय पुढची पातळी उघडत नसे, म्हणून आम्ही पहिल्यापासून निघालो. मी त्याचीच युक्ती त्याला वाचून दाखवायची आणि तुकडे फिरवायची. अठराव्या पातळीवर तो ओरडला, "थांब! चुकीचं लिहिलंय. कोणत्या शहाण्यानं लिहिलं?"

"वॉशरकाकांनी."

कितीतरी दिवसांनी तो हसला. मग खोकला लागला. "दुरुस्त कर. लोक आपल्या भरवशावर खेळतात."

अशा सात युक्त्या दुरुस्त केल्या. दिवसाला तीन पातळ्या व्हायच्या, पुढे दोन, मग एक. चाळिशीनंतर तो बोलण्याऐवजी डोळ्यांनी दाखवू लागला, डावीकडे, वर, खाली. साठाव्या पातळीला चार दिवस लागले. तोवर मी सकाळपासूनच त्याच्यापाशी बसू लागले होते. सदुसष्टाव्या पातळीच्या वेळी मी विचारलं, "हा तुकडा आधी की तो?" त्याचे डोळे उघडे होते, पण पडद्याकडे नव्हते. मी दोन्ही तुकडे फिरवून पाहिले. पाणी शेवटच्या घरी पोचलं. "झालं रे," मी म्हणाले. त्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

पुढे तीन आठवडे मी त्या पानाकडे गेले नाही. गेले तेव्हा शिक्षिकेचा प्रश्न तसाच होता, आणि त्याखाली आणखी चौघांचे. मी बसले आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं:

'वॉशर नऊ फेब्रुवारीला सकाळी सव्वादहा वाजता वारले. तो माझा धाकटा भाऊ. एक ते एक्याण्णव युक्त्या त्याच्या आहेत. सदुसष्टपर्यंत आम्ही तपासल्या आहेत, पुढच्या तपासायच्या राहिल्या. ब्याण्णव मला येत नाही.'