पूल पडण्याआधीची चिठ्ठी

क्वेबेकचा पूल बांधता बांधताच पडला, तेव्हा आमच्या काहनावाके गावचे पोलादकाम करणारे आमच्या मोहॉक जमातीचे तेहेतीस गडी एका संध्याकाळी गेले. त्यांत माझे वडील होते. मी चार वर्षांची होते.

वीस वर्षांनी आईच्या पेटीत मला दोन कागद सापडले. एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. त्यात छापलं होतं, 'पुलाने आधी कसलीच सूचना दिली नव्हती.' दुसरी वडिलांची चिठ्ठी, पूल पडण्याच्या दहा दिवस आधीची. 'खालची तुळई वाकतेय. गेल्या आठवड्यात जुळलेली रिव्हेटची भोकं आज जुळत नाहीत. मुकादमाला सांगितलं तर हसतो. घरी येऊ का?'

माझं डोकंच फिरलं. आई राखेच्या पाण्यात शिजवलेला मका टोपलीत धूत होती. दोन्ही कागद मी तिच्यापुढे आपटले.

"बघ, कसं धडधडीत खोटं छापतात मेले! बाबांना सगळं दिसत होतं. मग ते आले का नाहीत?"

"मी उत्तर धाडलं होतं." तिचे हात थांबले नाहीत.

"काय लिहिलंस?"

"लिहिलं, अख्खं गाव तिथे आहे. तू एकटाच घाबरून पळून आलास, तर मी बायकांत तोंड कसं दाखवू?"

पूल पडल्यावर गावातल्या बायकांनी ठरवलं होतं, यापुढे सगळे पुरुष एकाच पुलावर पाठवायचे नाहीत. त्या बैठकीत सगळ्यात आधी, घसा बसेपर्यंत, माझी आई ओरडली होती.

मला आजवर त्याचा फार अभिमान वाटायचा.