पुंगी वाजली

"उपट एक गाजर," सासरे म्हणाले. "चिरलेलं निघालं तर उद्यापासून हा तुकडा थोरलीचा."

धाकटी वाफ्यात वाकली खरी, पण हात पुढे होईना. या तुकड्याशिवाय तिच्या हुकमाचं होतं तरी काय? घरात मिठाच्या बरणीलाही थोरल्या जावेला विचारून हात लावायचा.

मागच्या वर्षी तिने मातीच खाल्ली होती. पाण्याची ओढ, गाजरांच्या पाल्याने माना टाकलेल्या, आणि तिच्या पाळीला कालव्याचं पाणी आलं. हिला आलं भरून. तहानलेल्या लेकराला पाजावं तशी दिवसभर वाफे तुडुंब भरत बसली. कोरड्यात आखडलेली गाजरं एकदम फुगली आणि उभी चिरली. बाजारात कुणी ढुंकून पाहीना. सासूबाई म्हणाल्या, "गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली." मोडून खाल्ली ती गुरांनी.

यंदा पुन्हा तीच टंचाई. या खेपेला तिने जावेशी सौदा केला. माझी कालव्याची अख्खी पाळी तुझ्या मक्याला घे, त्याबदल्यात तुझ्या विहिरीच्या तळाशी रोज पाझरतं तेवढं मला दे. जावेला हसू आवरेना. वाहतं पाणी सोडून बादल्या ओढणारी शहाणी तिने पहिल्यांदाच पाहिली. पण ही हट्टाला पेटलेली. रोज सकाळी बादली ओढायची, ओळीओळीला ओंजळ-ओंजळ घालायची. कालव्याचं पाणी वाफ्यांशेजारून मक्याकडे खळाळत गेलं तेव्हा जीव तुटला तिचा. सासूबाईंनी विचारलंसुद्धा, एवढं दगडाचं काळीज कुठून आणलंस? हिने पाठ फिरवली आणि बादली उचलली.

आता तिने डोळे मिटून पाला मुठीत धरला आणि ओढला. गाजर फार जाड नव्हतं, पण वीतभर लांब, गुळगुळीत, चीर म्हणून नाही. मग कुणी न सांगता दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, आणि हसतच सुटली. सगळी अखंड. सासऱ्यांनी एक बाहीला पुसून चावलं. करकर आवाज बांधापर्यंत गेला.

"वाजली गं बाई पुंगी," बांधावरून सासूबाई म्हणाल्या.

सासरे शेपटापर्यंत गाजर खाऊन दुसरं घेऊन निघाले. तुकड्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बांधावर सासूबाईंशेजारी उभी असलेली जाऊ मात्र घुटमळत राहिली. मग वाफ्यात उतरून तिने बादली उचलली.

"माझ्या मुळ्याला किती घालू, सांगशील?"

त्या घरात धाकटीला आजवर कुणी सल्ला विचारला नव्हता. तिने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि सावकाश सांगायला लागली.