ग्रहणाने खाल्लेले दात

पळस्पे नाक्यावर इतकी गर्दी, की गोव्याकडच्या गाड्याही थांबून बघत होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये ग्रहणबाबा राहू-केतूंशी बोलत बसलेले. राहूशी त्यांचं बरं होतं. केतू जरा ऐकत नसे.

प्रमिला बारा वर्षांच्या मनस्वीला धरून रांगेत उभी होती. मनस्वीच्या वरच्या पुढच्या दोन दातांच्या शेजारचे दुधाचे दात पडले, त्या जागी नवे आलेच नाहीत. कारण घरात कधीच ठरलं होतं: ऐंशी सालच्या सूर्यग्रहणात पोटुशी प्रमिलेनं बोंबील चिरले. ऐकून ऐकून तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आज सासूनं, सखूबाईनं, तोंडावर नेहमीचा पदर धरून शेवटचं सांगितलं, "दात नाय आलं, तर तू करंजाला आयशीकडं जा. भरतला दुसरी बघू." भरत, म्हणजे नवरा, चप्पल बघत होता.

बाबांनी मनस्वीच्या हिरडीला लवंगेचं तेल चोळलं, अंगारा लावला, अंगठा दाबला. "राहू, सोड! पाव्हण्यासारखा वाग!"

अंगठा निघाला. दोन पांढरेशुभ्र दात! टाळ्या, नारळ.

"दुखलं काय गं?" प्रमिलेनं विचारलं.

"हिरडी हाय का नाय, तेच समजत नाय."

भरतनं खुशीत चहा पाजला. पहिल्याच गरम घोटाला दोन्ही दात बशीत.

"राहूनं परत नेलं!" सखूबाई ओरडली.

"नेलं कुठं? बशीत ठेवलंय," मनस्वी म्हणाली.

प्रमिलेनं दात पदराला बांधले आणि पनवेलच्या गाडीत चढली. ती न विचारता कधी कुठं गेली नव्हती, म्हणून बाकीचेही चक्रावून मागून चढले.

दातांचे डॉक्टर कृष्णकांत यांनी दात उजेडात धरले. "घासलेला शिंपला. मेणानं चिकटवलाय. तेलानं हिरडी बधिर झाली, पोरीला कळलं नाही. चहानं मेण वितळलं." मग एक्स-रे दाखवला. "आत दाताचा अंकुरच नाही. कुणी खाल्ला नाही, तो धरलाच नव्हता. दातांची आखणी आपल्या जनुकांत असते. तिथं बदल असला, की एखादा दात तयारच होत नाही. नाक जसं घराण्यातून येतं, तसंच हे. सगळ्यांनी आ करा बघू."

प्रमिलेचे दात पूर्ण. भरतचा त्याच जागचा एक दात तांदळाच्या दाण्याएवढा. "हाही त्याच बदलाचा प्रकार," डॉक्टर म्हणाले.

"आमाला काय नाय बघायचं," सखूबाई.

"आजे, पदर काढ ना," मनस्वी म्हणाली.

पदर खाली आला. मशेरीनं काळवंडलेल्या दातांत, नातीच्याच जागी, दोन फटी.

"माझी आईस पन अशीच व्हती," सखूबाई पुटपुटली. "तवा ग्रहन नवतं."

"कुणाचीच चूक नाही. पोर मोठी झाली की पक्के दात बसवून देऊ," डॉक्टर म्हणाले.

"पन मी बोंबील चिरलं व्हतं," प्रमिला म्हणाली.

"खाल्लेत ना?"

"हो."

"मग त्यांचं तेवढंच झालं."

ग्रहण म्हणजे सावली. थोड्या वेळानं सरते. बाईला लावलेला बोल सरत नाही. म्हणून सांगणं एवढंच: बाबाच्या शेडकडे निघण्याआधी घरातल्यांनी एकदा आपापली तोंडं उघडून बघावीत.

घरी येऊन प्रमिलेनं करंजाला जायची भरलेली पिशवी रिकामी केली. काही वाटलं नाही. संध्याकाळी ती विळी घेऊन बोंबील चिरायला बसली. सखूबाई समोर येऊन बसली. पदर खांद्यावर होता.