बिनखताचा वाफा

अकरावीला मी बायफोकलला, म्हणजे दोनशे मार्कांच्या व्यवसाय विषयाला, क्रॉप सायन्स घेतलं, तेव्हा पप्पांनी जम्मूहून फोनवर एकच विचारलं, "शेती शिकायला कॉलेज कशाला? आबा हायत की घरात." आबा म्हणजे माझे आजोबा. पप्पा फौजेत आहेत. त्यांचे प्रश्नही हुकमासारखे असतात. मीही त्यांचीच पोरगी, हटले नाही. शेवटी तह झाला. बारावीला या विषयात दोनशेपैकी एकशे ऐंशी पडले तर कृषी कॉलेज, नाहीतर सांगलीत खोली घेऊन वर्षभर मेडिकलसाठी नीटचा क्लास. रक्त बघितलं की मला घेरी येते, पण फौजेत हे कारण चालत नाही.

पलूसच्या कॉलेजात सुमंत सरांनी बारावीला प्रकल्प दिला. मक्याचे दोन वाफे करायचे. एकाला युरिया द्यायचा, दुसऱ्याला काहीच नाही. दर रविवारी उंची मोजून वहीत लिहायची आणि प्रात्यक्षिकाला दोन्हींतली रोपं मुळासकट बाहेरच्या परीक्षकांपुढे ठेवायची. गावी, कुंडलला, घरच्या शेतात विहिरीच्या वाटेवर आबांनीच जागा दिली. पाचव्या रविवारी बघते तर बिनखताचा मका एका आठवड्यात वीतभर वाढलेला आणि हिरवागार. मी तीनदा टेप लावली.

"आबा, ह्येला खत कुणी घातलं?"

"दोन मुठी टाकल्या. पिवळं पडलं हुतं गं. डोळ्यांदेखत उपाशी ठिवायचं व्हय?"

"व्हय! उपाशीच ठिवायचं हुतं! त्योच तर अभ्यास हाय!"

"असला कसला अभ्यास," आबा म्हणाले आणि वैरण काढायला गेले.

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. खरंतर चूक माझीही होती. ज्यांना शेतीतलं सगळं येतं त्यांना काय समजावायचं, म्हणून मी काही सांगितलंच नव्हतं. वर्गातला शिवतेज म्हणाला, "आकडं बसव की. समदी बसवत्यात." मी पेन्सिल घेऊन बसलेही. पण आकडे बसवता आले तरी रोप कुठून आणणार? सर म्हणाले, "अजून वेळ आहे, पुन्हा पेर. आणि आधी आजोबांना सांग."

मग आबांना सगळं सांगितलं. पप्पांशी झालेला तहसुद्धा.

"म्हंजी ह्यो मका उपाशी ऱ्हायला न्हाई, तर तू सांगलीला?"

"व्हय."

"न्हाई घालत," आबा म्हणाले.

शब्द पाळला त्यांनी. महिन्याभरात नव्या वाफ्यातली खालची पानं शेंड्याकडून पिवळी पडत गेली. त्याच सुमाराला आबा विहिरीवर पलीकडच्या लांबच्या बांधावरून जायला लागले.

"तिकडनं का जाताय?"

"पाय मोकळं हुत्यात."

त्यांचे दुखरे गुडघे सगळ्या घराला माहीत आहेत. मला वाईट वाटलं, पण जवळच्या वाटेनं जा असं मी म्हटलं नाही. सांगली डोळ्यांपुढे होती.

प्रात्यक्षिकाला मिरजेहून आलेल्या परीक्षकांनी ते मरतुकडं रोप हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "बाकीच्यांचा मका फक्त वहीतच उपाशी असतो. हा कुणी राखला?"

"आजोबांनी."

मार्क मला दिसले नाहीत, पण दारात उभे असलेले सुमंत सर हसत होते.

घरी आले तर आबा पायरीवर बसलेले. शेजारी युरियाची बादली.

"झाली परीक्षा?"

"झाली."

"वाफ्याचं काम संपलं न्हवं आता?"

"संपलं."

ते उठले आणि जवळच्या वाटेनं निघाले. मी सॅक घेऊन तशीच मागे. मक्याला तुरे आले होते. आता खत घालणं म्हणजे मातीत घालवणं, हे मी याच वर्षी शिकले होते.

"आबा, आता उपेग न्हाई."

"ठावं हाय मला," ते म्हणाले आणि वाकून पहिल्या ताटाच्या बुडाशी चिमूटभर युरिया टाकला.

मी सॅक बांधावर ठेवली आणि बादली धरली.