उरलेल्या सुया

नवव्या सुईनंतर शालिकरामचे पाय गेले. सकाळी खाटेवरून उतरायला गेला आणि पोत्यासारखा खाली बसला. किरनापुरात कुत्रं चावल्यापासून तो बालाघाटच्या दवाखान्यात होता, सोबत बायको अनुसया. पोटातल्या चौदा सुया पुऱ्या झाल्या की भाताच्या रोवणीला परतायचं, असं दोघांचं ठरलं होतं.

डॉक्टर गुणाकरांनी त्याच्या तळव्यावर किल्ली ओढली. पाय हलला नाही. मग अनुसयेला आणि तिचा दीर महागू याला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. या सुयांमधली लस मेंढीच्या मेंदूपासून बनते. एखाद्याचं शरीर त्या परक्या मेंदूविरुद्ध उठतं, रक्तात प्रतिद्रव्यं तयार करतं. मग मेंढीचा मेंदू कोणता नि आपला कोणता, हे त्याला उमगत नाही. माकडांना मेंदूचा अर्क टोचून शास्त्रज्ञांनी असाच आजार घडवून पाहिला होता. घाव प्रतिद्रव्यांचाच की आणखी कशाचा, यावर त्यांच्यात अजून वाद होता. पुढची सुई दिली तर लुळेपणा छातीपर्यंत चढू शकतो. बंद केली आणि कुत्रं पिसाळलेलं असलं, तर त्या रोगाला औषध नाही.

"कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला, तर सुया निश्चिंत बंद करता येतात. कुठं आहे तो?"

"मी त्याले मारलं," महागू म्हणाला. चावलेलं कुत्रं जिवंत सोडलं तर विष चढतं, असं गावात मानतात. भावाला चावलं त्याच दुपारी त्याने लाठीने ते संपवून नाल्याच्या पुरात सोडलं होतं, आणि त्याला ऐटीत सांगितलंही होतं.

"त्याले बांधून ठेवलं असतं भाऊजी, तं आज आपण असे बांधल्या गेलो नसतो," अनुसया म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली. "तुमच्या घरचं माणूस असतं तं?"

"सुई बंद केली असती."

"अन् झोप लागली असती तुमाले?"

"नाही."

"तं बंद करा."

आठवड्याने शालिकरामच्या पायाचा अंगठा हलला. पण कुत्र्याचं विष महिन्यांनीही वर येतं, आणि आलं की पाणी घशाखाली उतरत नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं. शालिकरामला ते कुणी सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी ती गिलास भरून त्याच्या हाती देई.

"काहून अशी पाहून राह्यली? मी का पहिल्यांदाच पाणी पिऊन राह्यलो?"

"प्या तं खरं."

त्याचा घोट खाली उतरला. अनुसयेने गिलास विसळला आणि उद्यासाठी उपडा ठेवला.