धरमकाट्यावरचा कॉम्प्युटर

पंखा फिरला, थोडा वेळ घरघरला आणि थांबला. पडदा काळाच राहिला.

"सकाळपासून हेच करून राहिला, काका," काट्यावर पावत्या काढणारी प्रमोदिनी म्हणाली. "बटण दाबलं का उठते, अन् लगेच झोपते."

यशवंतराव घाटोळ्यांनी डाव्या हाताने पुन्हा बटण दाबलं आणि डबड्याला कान लावला. उजवा हात पँटच्या खिशात होता.

"मेला नाही हा," ते म्हणाले. "मेलेल्याचा आवाज वेगळा असते. आज चालू होते हा. तू चिंता करू नको."

चिंता करण्यासारखं बरंच होतं. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतून सळया भरून निघालेल्या ट्रकांचं वजन या धरमकाट्यावर होई आणि वजनाची पावती याच कॉम्प्युटरमधून निघे. पावतीशिवाय गाडी हलत नसे. बाहेर ट्रकांची रांग वळणापर्यंत गेली होती. मॅनेजरने फोनवर सांगितलं होतं, कंपनीचा इंजिनियर उद्या येईल, तोवर गाड्या उभ्या ठेवा. उन्हात खोळंबलेल्या ड्रायव्हरांच्या शिव्या ऐकून प्रमोदिनीने स्वतःच्या जबाबदारीवर यशवंतरावांना बोलावलं होतं. काही बिघडलं असतं तर नोकरी तिची गेली असती.

रांगेत पहिला बिसाहूचा ट्रक होता. त्याच्या नव्या नातीची त्या संध्याकाळी गावाकडे छट्ठी, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाचा कार्यक्रम होता. तो दर थोड्या वेळाने खिडकीत डोकं घाली आणि छत्तीसगढीत विचारी.

"का होइस, कका? आज चालू होही के नइ?"

"होही, होही. छांव म बइठ," यशवंतरावांनी न वळता त्याला सावलीत बसायला सांगितलं.

रायपुरात लोक टीव्ही दुरुस्त करून घेत तेव्हापासून यशवंतराव या धंद्यात होते. पुढे कॉम्प्युटर आले, तेही त्यांनी उघडून उघडूनच शिकून घेतले. शंकर नगरातली ऑफिसं, पंडरीतले कापडवाले, सगळीकडे त्यांचंच नाव निघे. एक खोड मात्र होती. काम करताना कुणी जवळ उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. "तिकडं बसा, झालं का सांगतो," म्हणून ते मालकालाही त्याच्याच खोलीतून बाहेर काढत. काय केलं ते कधी सांगत नसत. त्यांचे हात भराभर चालत आणि यंत्र सुरू होई, एवढंच लोकांना दिसे.

गेल्या वर्षी त्या हातांतला उजवा थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, औषधाने कमी होईल, पण जाणार नाही. यशवंतरावांनी हे पत्नी सुशीलाबाईंशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. "आता आराम करतो," असं म्हणून ते कामं टाळत. आजही सुशीलाबाईंनी विचारलं होतं, "काहून जाता?" तरी ते ऑटोत बसले होते.

त्यांनी प्रमोदिनीला प्लग काढायला लावला. झाकण उतरवलं. आत लोखंडाची काळी धूळ मखमलीसारखी बसली होती. प्रमोदिनीने ब्रशने ती झाडली. मेमरीची पट्टी त्यांनी डाव्या हाताने काढून, पुसून परत बसवली. प्लग लावला, बटण दाबलं. पंखा फिरला आणि थांबला.

यशवंतराव खुर्चीत टेकून बसले. दर वेळी पंखा तेवढाच वेळ फिरत होता. कमी नाही, जास्त नाही. बिघाड असता तर कधी लवकर थांबला असता, कधी उशिरा. कुणीतरी बटण दाबून धरल्यावर बंद होतो तसा हा बंद होत होता.

ते हसले.

"सापडला चोर. याचं बटणच आत अटकलं. धुळीनं. एकदा दाबलं का लवकर सुटतच नाही, म्हणून हा चालू होते अन् स्वतःच बंद होते."

आता सोपं काम उरलं होतं. बटणाची वायर काढायची आणि त्या जागेच्या दोन बारीक पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, म्हणजे बटण दाबल्यासारखंच होतं. वायर प्रमोदिनीने काढली. यशवंतरावांनी सवयीने उजवा हात बाहेर काढला, टोक पिनांजवळ नेलं, आणि ते टोक नाचायला लागलं. आजूबाजूला दुसऱ्या पिना होत्या. त्यांनी श्वास रोखला. डाव्या हाताने मनगट धरलं. टोक तरी नाचतच होतं.

खिडकीत बिसाहू उभा होता. त्याच्यामागे आणखी दोघे. तिघेही त्या टोकाकडे पाहत होते.

यशवंतरावांनी हात मागे घेतला. कपाळावरचा घाम पुसला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर फिरवून मूठ प्रमोदिनीपुढे धरली.

"घे. मी सांगतो, तू कर."

"मी? नाही काका, मले काही येत नाही यातलं. शॉक लागला तर?"

"नाही लागत. इथं वीज मुंगीएवढी आहे. बांगडी वर सरकव. इकडं ये, जवळ ये. ह्या दोन पिना दिसून राहिल्या का? ह्याच. शेजारच्यांले लावू नको. दोन्हींले एकदम टोक लाव अन् लगेच उचल."

तिने ओठ घट्ट मिटले. टोक लावलं, उचललं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि बाहेर ड्रायव्हरांनी आनंदाने एकच ओरडा केला.

यशवंतराव थांबले नाहीत. पुन्हा बंद करून त्यांनी बाजूच्या लहान बटणाची वायर तिच्याकडून त्या पिनांवर बसवून घेतली. "आता चालू करायचं ते या छोट्या बटणानं. मोठं विसरून जा." प्रत्येक गोष्ट का करायची तेही ते सांगत गेले. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला, डोळे चमकू लागले. प्रमोदिनी विचारत होती आणि तिने विचारलेलं त्यांना आवडत होतं.

"पुढच्या वेळी बिघडला तं फोन कर," ते म्हणाले. "मी घरून सांगीन, तूच उघडजो."

"हव, काका. उघडतो मीच."

बिसाहूचा ट्रक काट्यावर चढला. पावती निघाली. ती हातात घेऊन तो आत आला, यशवंतरावांच्या पाया पडला आणि पळतच गाडीकडे गेला.

टपरीवरून चहाची किटली आली. प्रमोदिनीने सगळ्यांना ओतला. यशवंतरावांचा कप तिने अर्धाच भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"एवढाच काहून? भर पूर्ण."

"काका, सांडन..."

"सांडू दे."

तिने काठोकाठ भरला. यशवंतरावांनी उजव्या हाताने कप उचलला. चहा बोटांवर आला, मनगटावरून शर्टाच्या बाहीत उतरला. रांगेतले ड्रायव्हर खिडकीतून पाहत होते. यशवंतराव सावकाश, घोट घोट करत पूर्ण कप प्यायले.