रागवायला ठेवलेला माणूस

इथे आल्यापासून त्याने कोडची एक ओळ लिहिली नव्हती. बायको-पोरीसकट साता समुद्रापार बिऱ्हाड हलवलं ते इंजिनियर म्हणून, आणि येऊन बघतो तर मुकादम. साहेबाने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "तुझी जुनी टीम तिकडे आहे, तुझी भाषा त्यांना कळते. त्यांच्याकडून काम काढून घे." म्हणजे काय, तर रोज सकाळी काचेच्या खोलीत बसायचं, पडद्यावर जुने मित्र बघायचे आणि साहेबादेखत त्यांच्यावर डाफरायचं. आई फोनवर विचारायची, "काय काम असतं रे तिथे?" रागवायचं काम असतं, असं आईला कोण सांगणार? मित्र बिचारे हसून घ्यायचे. "काय जावईबापू, सासुरवाडीत बडदास्त चांगली ना?" म्हणायचे. तोही हसायचा आणि आतल्या आत जळायचा.

या सोमवारी मात्र कुणाला हसू येत नव्हतं. कंपनीचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट द्यायचं. शुक्रवारी त्यात नवा बदल चढवला आणि शनिवार सकाळपासून एकेका वेळेला तीन-तीन पेशंट डॉक्टरांच्या दारात भांडत उभे. दवाखाने कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते, आणि वरच्यांना बळीचा बकरा हवा होता.

खरं काय ते त्याला ठाऊक होतं. मामांनी टेस्टिंगसाठी आणखी दोन दिवस मागितले होते आणि साहेबाने याच खोलीत, त्याच्या समोर, साफ नाही म्हटलं होतं. मामा म्हणजे तिकडच्या टीमचे म्होरके, सगळ्या ऑफिसचेच मामा. कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला असताना त्याला शेजारी बसवून मामांनी काम शिकवलं. या नोकरीसाठी शब्द टाकला तोही मामांनीच.

"आज त्याच्याकडून चूक कबूल करून घे," साहेब खुर्ची ओढत म्हणाला. "कॉल रेकॉर्ड होतोय. एकदा सॉरी म्हणाला की झालं. त्याच्या जागी दुसरा बघू."

"पण ते दोन दिवस मागत होते."

"तुझ्या मुलीला शाळा आवडली ना?" साहेबाने विचारलं, अगदी गोड आवाजात.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की घर आणि शाळा. रडत-रडत शाळेत जाणाऱ्या पोरीला आत्ता कुठे एक मैत्रीण मिळाली होती. साहेबाला हे पुरतं माहीत होतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हा हिशेब जगात सगळीकडे सारखाच.

पडद्यावर मामा दिसले. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. दोन रात्री दुरुस्तीत गेल्या असाव्यात. मामांना एक जन्माची खोड होती. समोरच्याने आवाज चढवला की आधी सॉरी म्हणून मोकळं व्हायचं. "एका सॉरीने आपलं काय झिजतं?" असं म्हणायचे, आणि सगळ्या टीमला तेच शिकवायचे. आज त्या एका शब्दापायी पन्नाशीतल्या माणसाची नोकरी जाणार होती.

"तुमच्या भाषेत बोल," साहेब कुजबुजला. "चांगला झाड त्याला."

तो उठला आणि टेबलावर हात आपटला.

"मामा, सॉरी म्हणालात तर याद राखा. हा बाजूला बसलाय ना, तो गळ टाकून बसलाय. तुमच्या तोंडून तो शब्द निघाला की तुम्ही घरी. दोन दिवस यानेच नाकारले, मी होतो इथे. आणि आता हा नालायक माझ्या पोरीच्या शाळेवर येतोय. माणसं म्हणजे काय भाड्याची भांडी वाटली याला? वापरली, आदळली, परत केली? माझी काळजी करू नका. आज मान खाली घालायची नाही, सांगून ठेवतो."

घसा बसेपर्यंत तो ओरडला. किती दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. मामांच्या मागे बसलेल्या दोघांनी चेहरे लपवायला माना खाली घातल्या. शरमेने घातल्या असं समजून साहेब पाय हलवत खुशीत ऐकत होता.

मामांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"मग? काय म्हणणं आहे तुमचं?" साहेब पडद्याकडे झुकला.

मामा साहेबाच्या भाषेत बोलले, एकेक शब्द सुटा करून. "मी दोन दिवस मागितले होते. तुम्ही नाही म्हणालात. मी सॉरी म्हणणार नाही."

साहेबाचा पाय हलायचा थांबला. साहेब त्याच्याकडे वळला. "हे काय? मग इतका वेळ तू त्याच्यावर ओरडत कशाला होतास?"

पोरीचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला, पण राग काही उतरेना. रेकॉर्डिंग चालू आहे ना, हे त्याने एकदा बघून घेतलं. मग साहेबाला नीट कळेल अशा भाषेत तो म्हणाला,

"मी त्यांच्यावर ओरडत नव्हतो."